गरम गाडी रुसते तेव्हा : एफआय इंजिनाची घाटातली तपासणी

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी ठेवा. मागे गॅरेज चालू आहे आणि आमच्याकडचा पोरगा हातोडी हळू मारत नाही.

आजची तक्रार अशी. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. दिवसभर मस्त पळते. पण गरम असताना बंद केली, दहा-पंधरा मिनिटं चहाला थांबलो, परत येऊन बटण दाबलं, की नुसतं कुर्र कुर्र कुर्र. अर्ध्या-पाऊण तासाने तीच गाडी जणू काही झालंच नाही अशी चालू. मग आपण मेकॅनिककडे जातो, तोवर ती गार झालेली असते, तो बटण दाबतो, लगेच चालू होते, आणि तो आपल्याकडे बघून म्हणतो, "दादा, काय झालंय हिला? चांगली तर आहे."

जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे हा आजार जास्त दिसतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे सपाट रस्ता असा नाहीच. मोखाड्याहून त्र्यंबकला जाताना तोरंगणचा घाट, खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याकडे उतरा तर तिथे वळणं, जव्हार स्वतःच डोंगरावर. गाडीवर माणसं दोन, कधी तीन, वर सिलिंडर नाहीतर पोतं. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये इंजिन जोरात फिरतंय, पण गाडी हळू, म्हणजे वारा लागत नाही. आणि चढ संपला की आपण काय करतो? वर टपरी असते, तिथे थांबून किल्ली फिरवतो. इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं असतं नेमकं तेव्हाच.

बंद केल्याबरोबर इंजिन गार व्हायला लागतं असं वाटतं ना? तसं होत नाही. धातूच्या आत साठलेली उष्णता बाहेरच्या भागांत पसरते. वारा थांबलेला, ऑइल फिरायचं थांबलेलं. त्यामुळे इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, पेट्रोलचा पाइप हे भाग गाडी बंद झाल्यावर आणखी तापतात. पंधरा-वीस मिनिटं तापत जातात, मग हळूहळू उतरतात. म्हणून "लगेच मारली तर चालू होते, पंधरा मिनिटांनी होत नाही, तासाने होते" हे ऐकलं की मला निम्मं निदान तिथेच मिळतं. माझा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. किती वेळ उभी होती? प्लग, बॅटरी, पंप ते सगळं नंतर.

आता एफआय म्हणजे काय ते चटकन. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं आणि नव्या मोटारसायकली, स्कूटर जवळजवळ सगळ्या कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर आल्या. टाकीत एक विजेचा पंप असतो, तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. दाब बऱ्याच गाड्यांत तीन बारच्या आसपास. पुढे इंजेक्टर, म्हणजे विजेवर उघडणारी बारीक तोटी. ती किती वेळ उघडी ठेवायची हे ईसीयू ठरवतो. ईसीयूला स्वतःला डोळे नाहीत. इंजिन किती गरम, मूठ किती पिळली, क्रँक कुठे आला, हे सगळं त्याला सेन्सर सांगतात. सेन्सर खोटं बोलला तर ईसीयू प्रामाणिकपणे चुकीचं पेट्रोल देतो.

तुमच्यातल्या कोणाच्या घरी जुनी प्रीमियर पद्मिनी होती का? नसेल तर वडिलांना विचारा. कसारा घाटात पद्मिनी नाहीतर अँबेसेडर बॉनेट उघडून उभी, आणि ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवतोय, हे चित्र त्या पिढीने पाहिलंय. ते फडकं म्हणजे वेडेपणा नव्हता. त्या गाड्यांत पंप इंजिनालाच लावलेला असायचा आणि तो टाकीतून पेट्रोल ओढायचा. ओढताना पाइपात दाब कमी होतो. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोल हे एकच द्रव्य नाही, अनेकांचं मिश्रण आहे, त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळायला लागतात. मग पाइपात वाफेचे बुडबुडे, पंप वाफ ओढत बसतो, गाडी बंद. याला व्हेपर लॉक म्हणतात.

एफआयमध्ये उलटं केलंय. पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला, आणि तो ओढत नाही, ढकलतो. घरातला कुकर आठवा. झाकण लावलं की पाणी शंभर अंशाला उकळत नाही, वर जातं. तसंच तीन बार दाबाखाली पेट्रोल सहज उकळत नाही. म्हणजे एफआयमध्ये व्हेपर लॉक संपला का? चालू असताना जवळजवळ संपला. पण गाडी बंद केल्यावर तो दाब टिकला पाहिजे. पंपात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल मागे जाऊ न देणारा. तो गळका झाला की दाब उतरतो, वरून इंजिनची धग, आणि इंजेक्टरच्या मागच्या पाइपात पुन्हा तीच वाफ.

हे ओळखायचं कसं? किल्ली ऑन केली की टाकीतून दोन-तीन सेकंद "झ्झ्झ" असा आवाज येतो, तो पंप दाब भरत असतो. गरम गाडी चालू होत नसेल तर बटण लगेच दाबू नका. किल्ली ऑन, आवाज थांबेपर्यंत थांबा, ऑफ. परत ऑन, परत थांबा. असं तीनदा करा आणि मग बटण दाबा. यानंतर पटकन चालू झाली आणि प्रत्येक वेळी याच उपायाने होतेय, तर दाब टिकत नाहीये. पंप, त्यातला व्हॉल्व्ह, नाहीतर पाइपाचा जोड बघायचा. फरक पडला नाही तर दिशा वेगळी.

दुसरी परीक्षा. मूठ पूर्ण पिळून धरा आणि बटण दाबा. पूर्ण म्हणजे पूर्ण, शेवटपर्यंत. अनेक गाड्यांच्या ईसीयूत अशी सोय असते की स्टार्टर फिरतोय आणि मूठ पूर्ण उघडी आहे हे दिसलं की तो पेट्रोल बंद किंवा खूप कमी करतो, नुसती हवा आत जाते. सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झालं असेल तर ते उडून जातं आणि गाडी पकडते, मागून काळा धूर टाकते. पकडली की मूठ लगेच सोडा, नाहीतर रिकाम्या इंजिनचा आवाज अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल. म्हणजे पहिल्या परीक्षेत पेट्रोल कमी, दुसरीत पेट्रोल जास्त. लोक हे दोन उलटे आजार एकच समजून औषध देतात.

तिसरी सोपी आहे. मूठ जराशीच, पाव भाग उघडून चालू होत असेल आणि सोडली की बंद पडत असेल, तर आयडलची हवा अडलीय. थ्रॉटल बॉडीत काजळी, किंवा आयडलचा छोटा व्हॉल्व्ह चिकटलाय. साफसफाईचं काम आहे, त्यात जास्त बोलण्यासारखं नाही.

स्टार्टर एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये दहा-पंधरा सेकंद सोडायचे. घाटात बॅटरी उतरली की मग ढकलायला माणसं शोधायची, आणि एफआयला धक्का मारूनही पंपाला वीज लागतेच.

आता एक गाडी सांगतो. मोगरा लावणारे एक दादा. आपल्या भागात मोगरा किती ठिकाणी झालाय ते तुम्हाला माहीतच आहे. कळी अंधारात खुडायची, उजाडायच्या आत बांधायची आणि दादरच्या फुलबाजाराला जाणाऱ्या गाडीवर वेळेत चढवायची. त्या गाडीची वेळ म्हणजे वेळ. चुकली तर कळी दुपारपर्यंत फुलते, आणि फुललेल्या मोगऱ्याला कळीचा भाव कोण देतो? हे दादा आपल्या पाड्यावरून माल घेऊन चढ चढायचे, वरच्या पाड्यावर आणखी दोन घरांचा माल घ्यायला पंधरा-वीस मिनिटं थांबायचे, आणि तिथेच गाडी रुसायची. दोनदा दादरची गाडी चुकली होती. तीन घरांचा माल घरी परत आला होता.

माझ्याकडे येईपर्यंत त्यांनी एका ठिकाणी प्लग बदलला होता, दुसऱ्या ठिकाणी बॅटरी. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, पंप गेलाय. ते मला म्हणाले, "भाऊ, पंपाला आठवड्याचा मोगरा जाईल. घालायचा तर घालू, पण मग तरी होईल का, तेवढं सांगा."

मी त्यांना म्हटलं, गाडी इथे ठेवून जाऊ नका. उद्या पहाटे माल नसला तरी पोतं बांधून तोच चढ चढू. गरम आजाराची गाडी गार बघण्यात अर्थ नाही. गेलो. वर पोचलो, बंद केली, पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसलो. बटण दाबलं. कुर्र कुर्र. किल्ली तीनदा ऑन-ऑफ केली. पंपाचा आवाज दर वेळी सणसणीत, पण फरक शून्य. पूर्ण मूठ पिळून मारली. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला पकडली, आणि मागे एवढा काळा धूर की दादा स्वतःच म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय." पुन्हा बंद केली, पुन्हा पंधरा मिनिटं, प्लग काढला. ओला आणि काळा. म्हणजे पंप वाचला. पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं.

जास्तीचं पेट्रोल येतं कुठून? तीन वाटा बघायच्या.

पहिली वाट, इंजेक्टर गळतोय. बंद गाडीत दाबाखालचं पेट्रोल थेंब थेंब आत पडत राहतं. बघायला इंजेक्टर पाइपासकट बाहेर काढून किल्ली ऑन करायची आणि टोक कोरडं राहतं का ते बघायचं. हे काम घरी करू नका. तीन बार दाबाचं पेट्रोल आणि शेजारी तापलेला सायलेन्सर, यात गंमत नाही. दाब आधी उतरवावा लागतो. दादांचा इंजेक्टर दहा मिनिटं कोरडा राहिला.

दुसरी वाट, तापमानाचा सेन्सर. हा साधा प्रकार आहे, तापला की त्याचा रोध कमी होतो. बऱ्याच सेन्सरमध्ये वीस अंशाला दोन-अडीच हजार ओहम आणि ऐंशी अंशाला तीनशेच्या आसपास. नक्की आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतला धरायचा. सेन्सरने गरम इंजिनला "गार आहे" असं सांगितलं तर ईसीयू गार इंजिनसारखं भरपूर पेट्रोल देतो. जुन्या गाडीत चोक ओढून गरम इंजिन चालू करावं तसं. इथे एक खोच आहे. वायर पूर्ण तुटली तर ईसीयूला कळतं, तो डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लावतो. पण सेन्सर थोडं चुकीचं, तरी पटण्यासारखं सांगत असेल, तर दिवा लागत नाही. म्हणून "दिवा नाही म्हणजे सेन्सर ठीक" हे मला मान्य नाही. गरम असताना मल्टिमीटर लावायचा. दादांचा सेन्सर बरोबर निघाला.

तिसरी वाट फार कोणी बघत नाही. कॅनिस्टर. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत सोडायची नाही म्हणून गाडीला एक काळा डबा असतो, आत सक्रिय कोळसा. वाफ त्या कोळशात मुरते. गाडी चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनमध्ये ओढून जाळली जाते. गाडी बंद असताना हा व्हॉल्व्ह बंद हवा.

आता आपल्याकडचा पेट्रोल भरण्याचा प्रकार बघा. पंप लांब. एकदा गेलं की आपण सांगतो, "गळ्यापर्यंत भर." पंपवाल्याचं नोझल बंद झालं तरी गाडी हलवून हलवून आणखी भरतो. पेट्रोल उन्हात फुगतं. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर दोनशे मिलीच्या आसपास वाढतं. ते जाणार कुठे? कॅनिस्टरमध्ये. डबा वाफेसाठी केलाय, त्यात चक्क पेट्रोल शिरलं. कोळसा भिजला, त्याची बारीक पूड पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसली, आणि व्हॉल्व्ह नीट मिटेना. मग गरम गाडी उभी राहिली की टाकी तापते, वाफ डब्यातून व्हॉल्व्हमधून सरळ इंजिनच्या तोंडाशी जाऊन साठते. बटण दाबलं की आत आधी तीच.

परीक्षा अगदी साधी केली. कॅनिस्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे जाणारा बारीक पाइप चिमट्याने दाबून बंद केला. पंधरा मिनिटं थांबलो. बटण दाबलं, पहिल्या फेऱ्याला चालू. दादा खुश, पण मी म्हटलं थांबा, एकदा झालं म्हणजे योगायोगही असतो. चिमटा काढला, पंधरा मिनिटं, चालू होईना. चिमटा लावला, पंधरा मिनिटं, चालू झाली. तोपर्यंत आमचा तिसरा चहा झाला होता. मग व्हॉल्व्ह काढून, वीज न देता तोंडाने फुंकून बघितला. हवा आरपार. डबा हातात घेऊन हलवला तर आत पेट्रोल खळखळतंय.

व्हॉल्व्ह आणि कॅनिस्टर दोन्ही बदलले. पंपाच्या मानाने खर्च किरकोळ. वर दादांना सांगितलं, नोझलने टक केलं की हात आखडता घ्या. ते म्हणाले, "म्हणजे माझा लोभ नडला." मी म्हटलं, लोभ कसला, पंप लांब आहे म्हणून भरता. पण अर्धा लिटर कमी भरला तर मोगरा वेळेत जातो.

अजून एक सांगतो, वेगळ्या वळणाची. एका आशाताईंची स्कूटर. त्यांचं काम म्हणजे पाड्या-पाड्यावर थांबत जाणं. दहा मिनिटं एका घरी, स्कूटर चालू, पुढचं घर. गरोदर बाईला कुटीर रुग्णालयात न्यायला गाडी मागवायची तरी आधी यांनाच रेंज असलेल्या टेकडीवर जावं लागतं. त्यांची तक्रार होती की गरम झाल्यावर सेल्फ तर घेतच नाही, पण किकसुद्धा हलकी लागते. हा शब्द महत्त्वाचा, हलकी. मी विचारलं, गार असताना? म्हणाल्या, "सकाळी पाय दुखतो."

किक हलकी म्हणजे कॉम्प्रेशन नाही. इंजिनमध्ये हवा दाबलीच जात नाहीये. व्हॉल्व्हच्या टॅपेटला थोडी फट ठेवलेली असते, कागदाच्या जाडीएवढी. गाडी चालता चालता व्हॉल्व्हची बैठक झिजते आणि ती फट कमी कमी होत जाते. गार असताना जेमतेम पुरते. तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते, फट शून्य, आणि व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो. कितीही चांगला पंप, कितीही नवा प्लग, हवाच टिकत नाही तर पेटणार काय? टॅपेट गार इंजिनवर फिलर गेजने बसवले, आकडा पुस्तिकेतला. एका सकाळचं काम. असंच काही महिने चालवत राहिलं असतं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला असता आणि मग हेड उतरवायला लागलं असतं. टॅपेटचा आवाज येतो तोवर लोकांना काळजी वाटते. खरं तर टॅपेट गप्प झाले की जास्त लक्ष द्यायला हवं.

तिसरा प्रकार थोडक्यात. गाडी चालता चालता गरम होऊन एकदम बंद, लगेच मारली तरी चालू नाही, ठिणगीच नाही. गार झाली की ठीक. यात संशय क्रँकच्या सेन्सरवर. त्याच्या आत बारीक तारेची गुंडाळी असते, तापली की कुठेतरी सांधा सुटतो, गार झाली की जुळतो. क्रँक फिरतोय हेच ईसीयूला कळत नाही, मग तो ना ठिणगी देतो ना पेट्रोल. याला मापायचं तेही गरम असतानाच. गार मापलात तर तो तुम्हाला बरोबर आकडा दाखवेल.

आणि बॅटरी. आधी बॅटरी बघायची असते हे खरं, फक्त बदलायची नसते. उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या वर आणि स्टार्टर फिरताना साडेनऊच्या खाली न जाणं, एवढं बघितलं की पुढे जायचं. त्याखाली गेली तर पंप मंदावतो, ईसीयू गोंधळतो.

आता समुद्राकडे. डहाणूच्या बाजूच्या एका मुलाने व्हॉइस नोट पाठवली होती. त्याच्याकडे छोटी होडी आहे, मागे पेट्रोलचं एफआय आउटबोर्ड इंजिन. जाळं टाकायला थांबलो, इंजिन बंद केलं, वीस मिनिटांनी चालू होत नाही. सातपाटी, डहाणूच्या मोठ्या बोटींत डिझेल इंजिनं असतात, हा प्रश्न त्यांचा नाही. छोट्या आउटबोर्डचा आहे. मी डोंगरावरचा मेकॅनिक, होडीत बसायची माझी सवय नाही, पण इंजिन तेच आहे आणि धग तीच आहे.

फरक एवढाच की तिथे गार करतं समुद्राचं पाणी. इंजिन बंद, पाणी बंद, वर झाकण बंद. आत भट्टी. त्यात आउटबोर्डमध्ये पेट्रोल दोन टप्प्यांत येतं. आधी एक पंप टाकीतून ओढून इंजिनवरच्या एका छोट्या डब्यात भरतो, तिथे वाफ वेगळी होते, आणि त्या डब्यातून मोठ्या दाबाचा पंप इंजेक्टरला देतो. टाकी ते डबा हा भाग अजूनही ओढण्याचा आहे, म्हणजे पद्मिनीचाच प्रकार. तो डबा तापला की पेट्रोल उकळतं.

म्हणून मित्रा, हे कर. बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं आयडलला चालू ठेव, म्हणजे पाणी फिरून धग उतरते. बंद केल्यावर जाळं ओढेपर्यंत वरचं झाकण सैल कर, पावसाची सर नसेल तर. चालू करण्याआधी पाइपातला रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाब. तो घट्टच होत नसेल, किंवा दाबल्यावर आत चपटाच राहत असेल, तर टाकीचा हवेचा स्क्रू, फिल्टर, पाइपाचे जोड बघ. आणि चालू असताना मागून पाण्याची जी धार पडते ती जोरात आहे ना ते आधी बघ. धार बारीक असेल तर बाकीचं सगळं राहू दे, पाण्याचा इंपेलर बदल, इंजिनच जास्त तापतंय. एक मात्र नक्की. समुद्रात इंजिन चालू झालं नाही तर झाकण उघडायच्या आधी नांगर टाक. ओहोटीला तुझ्या पान्यांची वाट बघायची सवय नाही. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर बटण दाबू नकोस, वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साठते.

काळी-पिवळी चालवणाऱ्या भावांसाठीही दोन शब्द. तुमच्या कॉमन रेल डिझेलचा गरम आजार निराळा. डिझेल तापलं की पातळ होतं. इंजेक्टर झिजलेले असले की पातळ डिझेल मागच्या बारीक पाइपातून टाकीकडे परत पळतं, आणि चालू व्हायला रेलमध्ये दोनशे बारच्या आसपास जो दाब लागतो तो स्टार्टरच्या वेगावर बनतच नाही. चारही इंजेक्टरच्या परतीच्या पाइपांना चार सारख्या बाटल्या लावायच्या, इंजिन फिरवायचं आणि कुठली बाटली लवकर भरते ते बघायचं. जी भरते तो चोर. आधी बाटल्या, मग पंपाची गोष्ट.

इथेनॉलचं विचारणाऱ्यांना. हो, पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पण गरम गाडी चालू होत नाही याचं खापर थेट त्याच्यावर फोडू नका, मी वर सांगितलेलं सगळं तपासल्याशिवाय तर नाहीच. इथेनॉलची खरी खोड वेगळी, ते पाणी धरतं. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घेता ना, त्या बाटलीच्या तळाशी उजेडात धरून बघा. दोन थर दिसले तर टाकीत ओतू नका.

आणि गरम इंजिनवर कळशीभर पाणी ओतू नका. पद्मिनीचं फडकं फक्त पंपावर असायचं. तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी पडलं तर ते वाकू शकतं, वर कपलरमध्ये पाणी जातं ते वेगळंच.

मला व्हॉइस नोट पाठवणार असाल तर एवढं सांगा. किती वेळ उभी होती. किल्ली ऑन केल्यावर पंपाचा आवाज आला का. पिवळा दिवा लागून विझला, की लागूनच राहिला, की लागलाच नाही. पूर्ण मूठ पिळून काय झालं. किक असेल तर गरमची जड की हलकी. पेट्रोल शेवटचं कधी, किती भरलं. जमलं तर किल्ली ऑन करण्यापासून चालू होईपर्यंतचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, मध्ये गाणं न लावता. गाडीचा फोटो नको, ती कशी दिसते ते मला माहीत आहे.